चौथी कड

१

खळ करायची ती सकाळीच आणि स्वतःच्या हातानं, हा पट्टीताईचा हेका होता. मैदा गार पाण्यात कालवायचा, एक जरी गुठळी राहिली तरी सगळं ओतून द्यायचं, मंद आचेवर ढवळत राहायचं आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे झुरळं पुस्तकाला तोंड लावत नाहीत. "झुरळांपासून कायदा मी सांभाळते," ती वकिलांना म्हणायची, "तुमच्यापासून सांभाळणं माझ्या हातात नाही." वकील हसायचे. तेव्हा अजून हसत होते लोक.

न्यायालयाच्या तळमजल्यावर, जिन्यामागे, ग्रंथालयाच्या तीन खोल्या होत्या. शेवटच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल, आणि टेबलामागच्या कपाटात मूळ ग्रंथ. देशातले सगळे कायदे, काळ्या कातडी बांधणीचे चौदा खंड. बाकी ठिकाणी असतात त्या प्रती. सही-शिक्क्याचा मूळ ग्रंथ एवढाच. कायद्यात काही बदललं की छापखान्यातून बदललेल्या मजकुराची कागदी पट्टी यायची, ती जुन्या मजकुरावर चिकटवायची. एकोणीस वर्षं ती हेच करत आली होती. तिचं खरं नाव हजेरीपटात होतं, तोंडात कोणाच्याच नव्हतं.

काम शिकवलं मास्तरांनी. मास्तर तिच्या आधी त्या खुर्चीवर बसायचे, ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा दंडक एकच होता. पट्टीच्या तीन कडांना खळ लावायची, उजवीकडची चौथी कड सुटी ठेवायची. "उद्या कोणी विचारलं, आधी इथे काय होतं, तर बोटानं उचलून दाखवता आलं पाहिजे," ते म्हणायचे. "आपण झाकतो, पोरी. पुसत नाही."

मग तो कायदा आला. अवघी तीन पानं. देशावर संकट आहे, म्हणून सरकारला कोणताही कायदा सभागृहाला न विचारता बदलता येईल, थांबवता येईल, काढून टाकता येईल. आणि सभागृहानं तो स्वतःच हात वर करून मंजूर केला! घराची किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली आणि वर बाकं वाजवली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, हा कायदा फक्त सहा महिन्यांपुरता.

पहिली पट्टी आली ती नेमकी त्या शेवटच्या ओळीवर लावायची. पट्टी कोरी होती. तिनं उलटीपालटी करून पाहिली, उजेडाला धरली, ग्रंथपालाला दाखवली. ग्रंथपालाचा चष्मा दोरीनं गळ्यात लटकत असायचा. तो न लावताच तो म्हणाला, "वरून आलीय ना? मग लावा, ताई. कोरी तर कोरी. आपल्याला काय करायचंय?"

तिनं लावली. काम होतं ते.

२

तिला एक धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, म्हणून तिनंच वाढवलेला. लहानपणी रस्ता ओलांडताना तो तिचा हात धरायचा नाही. तिचं एकच बोट मुठीत धरायचा, इतकं घट्ट की बोटाचं टोक पांढरं पडायचं. मोठेपणी शाळेत भूगोल शिकवायला लागला, लग्न झालं, तरी तिला चिडवायला म्हणून भर रस्त्यात तसंच धरायचा. "सोड मेल्या, तुटेल," ती ओरडायची, आणि आतून सुखावायची.

सहा महिने उलटले तेव्हा वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, तो कायदा आता संपला ना?" हा म्हणाला, "कॅलेंडर भिंतीवर आहे. मोजा." एवढंच बोलला. मधल्या सुट्टीत दोन माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. फळ्यावर नदीचा नकाशा अर्धाच राहिला.

कुठे नेला, कशासाठी नेला, कोणी ताकास तूर लागू देईना. पण मूळ ग्रंथात कलम एकेचाळीस होतं आणि ते तिला पाठ होतं. अटकेतल्या माणसाबद्दल त्याच्या नातलगानं विचारलं, तर तो आहे की नाही, एवढं सांगणं अधिकाऱ्याला भाग आहे. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती पोलीस मुख्यालयाच्या मागच्या खिडकीशी जायची. आतला कारकून वही उघडायचा, पानावरून बोट फिरवायचा आणि मान वर न करता म्हणायचा, "आहे."

भाऊ, भावजय आणि ती एकाच घरात राहायचे. गुरुवारी भावजय दारातच उभी असायची.

"काय म्हणाला?"

"आहे म्हणाला."

"बस? एवढंच?"

"एवढं पुष्कळ आहे," पट्टीताई म्हणायची आणि चपला काढायला खाली वाकायची, म्हणजे आपलं तोंड तिला दिसू नये. त्या एका शब्दावर दोघी पुढचा गुरुवार गाठायच्या.

३

कोऱ्या पट्ट्या वाढत गेल्या. एका मंगळवारी अपील कक्षाच्या कलमावर लावायची आली. अपील कक्ष तिच्याच मजल्यावर, बोळाच्या टोकाला होता. शिक्षेविरुद्ध दाद मागायला लोक तिथे येऊन बसायचे. तिनं पट्टी लावली, हाडाच्या सुरीनं घासून सपाट केली आणि घरी गेली.

बुधवारी सकाळी पाण्याची बाटली भरायला ती बोळातून गेली, तर टोकाला भिंत.

दार काढून विटा भरल्या असतील, ती मनाशी म्हणाली. सरकार आहे, मनात आणलं तर एका दिवसात डोंगर हलवील. पण गिलावा जुना होता. रंगाचे पोपडे सुटले होते, कोपऱ्यात ओल होती, खिळ्याला दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर लटकत होतं. लोकांनी बसून बसून गुळगुळीत केलेलं बाकडं होतं तिथेच होतं, भिंतीकडे तोंड करून. आणि खाली काथ्याचं पायपुसणं होतं. ते अर्धंच दिसत होतं, उरलेलं अर्धं भिंतीखाली गेलेलं. तिनं वाकून ओढून पाहिलं. जराही हललं नाही.

शिपाई स्टूल घेऊन आला.

"अहो, इथलं दार कुठे गेलं?"

"कुठलं दार?"

"अपील कक्षाचं! आठ वर्षं तुम्हीच त्या दाराशी बसता की हो!"

शिपायानं तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. त्याचा चेहरा जरा ओशाळल्यासारखा झाला. "मी ना, भिंतीशी बसतो," तो म्हणाला. "गार असते." आणि स्टूल टेकवून भिंतीला पाठ लावून बसलासुद्धा.

४

ती तरातरा टेबलाशी आली, खंड काढला, ते पान उघडलं आणि चौथी कड नखानं उचलली.

पट्टीखालून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी खोकलं. टाइपरायटर खडखडला, आणि एक कंटाळलेला आवाज म्हणाला, "पुढचा."

तिनं कड दाबली. खोलीत नुसता पंख्याचा आवाज राहिला. पुन्हा उचलली.

"पुढचा."

कान गेले आपले, तिनं ठरवून टाकलं. संध्याकाळी ती कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाला, "बाई, माझ्यापेक्षा तुमचे कान चांगले आहेत." मग वरच्या मजल्यावरचे आवाज पाइपातून खाली येत असतील. तिनं पाइपाला कान लावला, त्यात पाणी होतं. बरं, मनाचे खेळ असतील. पण मन खेळ करतं तर जे आपल्याला माहीत आहे तेच ऐकवील ना? सभा भरवण्याच्या कलमावरच्या पट्टीखाली शेकडो माणसं एकाच वेळी हळू बोलत होती आणि त्यातलं एकही तिच्या ओळखीचं नव्हतं. वर्तमानपत्रांच्या कलमाखाली छपाईयंत्र धडधडत होतं. सहा महिन्यांच्या ओळीखाली घड्याळ चालू होतं.

न राहवून तिनं हे भावजयीला सांगितलं. भावजय भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला.

"मग लावता कशाला त्या पट्ट्या?"

"मी नाही लावल्या तर दुसरं कोणीतरी लावील. मी निदान एक कड सुटी ठेवते."

"ताई," भावजय म्हणाली, "त्या सहा महिन्यांवर कोणी लावली होती?"

भावजयीनं नळ सोडला, पुरता सोडला.

५

तपासायला माणूस आला तो पुढच्याच गुरुवारी, दुपारी चारच्या ठोक्याला. गोड बोलायचा, बूट न वाजवता चालायचा. खंड उघडून प्रत्येक पट्टीवरून अंगठा फिरवायचा, सावकाश. तिनं मनातल्या मनात त्याचं नाव अंगठेसाहेब ठेवलं. तिसऱ्याच पानावर त्याचा अंगठा थांबला.

"ही कड सुटी का, बाई?"

"खालचं वाचता यावं म्हणून."

"कोणाला?"

तिनं खळीच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"नाही, सांगा ना. कोण कोण वाचतं खालचं? नावं सांगा, मी लिहून घेतो." त्यानं खरंच खिशातून पेन काढलं, थोडा वेळ धरून ठेवलं, आणि हसून परत ठेवलं. "चारही कडा चिकटवायच्या. नव्या लावाल त्याही, आणि जुन्या लावल्यात त्याही. लावली की लगेच खंड दाबयंत्रात. मी दर गुरुवारी चारला येत जाईन." दाराशी जाऊन तो वळला. "तुमचा भाऊ आमच्याकडे आहे, नाही का? दर गुरुवारी विचारायला जाता. चांगलं आहे. जात जा."



पुढचे दिवस ती जुन्या पट्ट्यांच्या कडा चिकटवत बसली. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत खळ, ब्रश, सुरी. एकेक आवाज बंद होत गेला. अपील कक्षाच्या पट्टीजवळ ब्रश नेला तसा टाइपरायटर थांबला, जणू आतल्यांनी कान टवकारले. मग कागदावर आतल्या बाजूनं नखाची टकटक झाली. तीन वेळा, अगदी सभ्य, आपण बंद दारावर करतो तशी. तिनं डोळे मिटले आणि कड दाबली. स्वतःची इतकी शिसारी तिला आयुष्यात कधी आली नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली, आणि खळ नेहमीसारखीच चांगली झाली.

६

कलम एकेचाळीसची पट्टी बुधवारी आली. मागे शिसपेन्सिलीनं आकडा, बाकी कोरी.

ती ती पट्टी हातात धरून किती वेळ बसली कोण जाणे. मग तिनं बेत केला. तीनच कडांना खळ लावायची. चौथी नुसती पाण्यानं ओली करायची, म्हणजे ओलसर फुगून कागदाला बसल्यासारखी वाटेल, अंगठा फिरला तरी कळणार नाही. मास्तरांची शिकवण आणि साहेबाचं समाधान, दोन्ही होईल. उद्याच्या गुरुवारचं "आहे" वाचेल. तिनं शेजारी पाण्याची वाटी ठेवली, हात पुसले आणि सुरुवात केली. वरची कड झाली, डावी झाली, खालची झाली.

"ताई," मागून ग्रंथपालाचा आवाज आला. "वर तुमच्याबद्दल चांगलं लिहिलंय हं मी. काम चोख आहे म्हणून."

तिनं मान वळवली. "तुमची कृपा."

"कृपा कसली! मला झोप लागत नाही हल्ली. बायको म्हणते, नोकरी सोडा. सोडून जायचं कुठे?"

"जायला जागा कुठे राहिलीय," ती म्हणाली. तिला त्याची जरा कीवच आली. मग तिनं खाली पाहिलं.

चौथी कड चिकटलेली होती. ब्रश खळीत बुडून, कडेवरून फिरून, जागच्या जागी परत ठेवलेला होता. हाडाची सुरी तिच्या हातात होती आणि ती कडेवरून घासत होती, वरून खाली. दहा-बारा दिवसांत हाताला वळण लागलं होतं. हातानं आपलं काम केलं होतं, चोख.

पाण्याची वाटी तशीच भरलेली होती.

"झाली?" ग्रंथपाल म्हणाला, आणि तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्यानं खंड मिटला, दाबयंत्रात सरकवला आणि स्क्रू फिरवला. "साहेब म्हणालेत, लगेच दाबात." स्क्रू दोनदा करकरला. थांबा म्हणायला एक क्षण पुरला असता. तो क्षण तिच्याजवळ होता आणि तिनं तो घालवला.

७

गुरुवारी खिडकी होती, कारकूनही तोच होता. तिनं भावाचं नाव सांगितलं. कारकुनानं पहिल्यांदाच मान वर केली. तरुण होता, डोळे चांगले होते.

"पार्सल कुठे आहे?"

"पार्सल नाही हो. वहीत बघा. माझा भाऊ."

"वही? इथे पार्सलं घेतात, बाई."

"कलम एकेचाळीसप्रमाणे तुम्हाला सांगावंच लागतं!"

कारकुनानं बोटांवर मोजल्यासारखं केलं. "चाळीसनंतर बेचाळीस," तो म्हणाला आणि झडप लावून घेतली.

ती घरी धावली. भावजय दारात उभी नव्हती. दार वाजवल्यावर तिनं अर्धवट उघडलं, हाताला पीठ होतं.

"कोण हवंय आपल्याला?"

"अगं, असं काय करतेस? मी!"

भावजय कसनुसं हसली, परक्या माणसाला हसतात तसं. तिच्या खांद्यावरून पट्टीताईला आत दिसलं. स्वयंपाकघर होतं. त्याला लागून भावाच्या खोलीचं दार असायचं, तिथे आता जुनी, पोपडे सुटलेली भिंत होती. भिंतीच्या पायथ्याशी एका पुरुषाच्या चपलेची टाच. फक्त टाच. पुढचा भाग भिंतीखाली होता.

"घर चुकलं असेल तुमचं," भावजय म्हणाली, आणि दार हळूच लावून घेतलं.

८

ग्रंथालयात परत येऊन तिनं गरम पाणी केलं, फडकं भिजवून पिळलं, दाबयंत्रातून खंड काढला. साडेतीन वाजले होते. फडकं कडेवर ठेवायचं, मोजून शंभर म्हणायचं, पातळ सुरी आत घालायची. नखाएवढी कड सुटली. आणि तिला दिसलं की पट्टीबरोबर खालचे छापील शब्दही निघून येताहेत. एकोणीस वर्षं ती शेखी मिरवत आली होती, माझी खळ सुटत नाही. अजून ओढलं असतं तर कलमच फाटून हातात आलं असतं.

तिनं सुरी ठेवली आणि त्या नखाएवढ्या फटीत बोट घातलं. खाली पान लागायला हवं होतं. पान लागलं नाही. खाली गार हवा होती, आणि दूरवर खूप माणसं श्वास घेत होती.

"मी आहे रे," ती कुजबुजली.

बराच वेळ काही झालं नाही. मग तिचं बोट कोणीतरी मुठीत धरलं. आख्खा हात नाही, एकच बोट, टोक पांढरं पडेल इतकं घट्ट. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आहे. तो आहे.

मग दुसरी एक मूठ आली, बारीक बोटांची. मग एक खरखरीत, जाड हात. मग अंगठी घातलेला. फट तेवढीच होती, पण तिचा हात मनगटापर्यंत आत गेला होता, आणि कोणाचीच पकड वाईट नव्हती, सगळी नुसती धरून होती.

चार वाजले. बूट वाजले नाहीत. तिनं मान वर केली तर टेबलापलीकडे अंगठेसाहेब उभा होता, त्याच्यामागे ग्रंथपाल.

"हात काढा, बाई."

"निघत नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं.

तो रागावला नाही. त्यानं खुर्ची ओढली, समोर बसला, खळीचं भांडं जवळ घेऊन वास घेतला. "छान करता तुम्ही खळ," तो म्हणाला. मग खिशातून एक कोरी पट्टी काढून त्यानं टेबलावर पालथी ठेवली. मागे आकड्याच्या जागी शिसपेन्सिलीनं तिचं हजेरीपटातलं नाव होतं. मागे न वळता त्यानं विचारलं, "ग्रंथपाल, ही खुर्ची कधीपासून रिकामी आहे?"

एकोणीस वर्षं रोज सकाळी तिच्या हातचा चहा घेतलेला माणूस. त्यानं दोरीला लटकणारा चष्मा उचलला, डोळ्यांना लावला आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. त्याला ती दिसत होती. त्याचे डोळे भरून आले होते.

"बरेच दिवस झाले, साहेब," तो म्हणाला.

ती ओरडली. ग्रंथपालाचं नाव घेऊन ओरडली. त्यानं मान खाली घातली आणि चष्म्याची काच पुसत राहिला. साहेबानं ब्रश भांड्यात बुडवला, जास्तीची खळ कडेला निपटली. वरची कड. डावी. खालची. तिच्या खुर्चीमागची खिडकी आता तितकीशी उजेडाची वाटत नव्हती.

खाली तिचं बोट अजून त्याच मुठीत होतं.

"सोडू नकोस, मेल्या," ती पुटपुटली. साहेबानं चौथ्या कडेला खळ लावली.